एकोणीसचा नवस

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

नरपड,
गुरुवार, ११ एप्रिल २०१९

प्रिय रूपी,

कालच संध्याकाळी आपण फोनवर बोललो आणि पाठोपाठ हे पत्र, म्हणून दचकू नकोस. कुणी गेलं-बिलं नाही. लाहू आमच्या वाडीत चिकू उतरवायला असतो, तो शनिवारी तुमच्या पाड्यावरूनच घरी जातो, त्याच्याजवळ देतेय. त्याला बजावलंय की रूपीबाईच्याच हातात द्यायचं. तुझ्या नवऱ्याच्या, देवजीच्या नाही, आणि सासूबाईंच्या तर मुळीच नाही. बायजींना अक्षर येत नसलं तरी माणसाच्या तोंडावरून त्या सगळं वाचून घेतात. फोनवर मला हे जमलं नसतं. मी एक वाक्य सुरू केलं की तू हसतेस, आणि तू हसलीस की माझं वाक्य कुठवर आलं होतं तेच मला सापडत नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते. येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, वापीला जाऊन डॉक्टरबाईंना उत्तर द्यायचंय. किमो पुढे चालू ठेवायची की इथेच थांबवायची. तू म्हणशील, ताय, तुझ्या तर सहाही सुया झाल्या, आकडा उतरला, आता कसलं उत्तर? तेच सांगायचंय. पण मला एकदम शेवटची ओळ लिहिता येत नाही. वरपासून क्रमाने उतरत आले तरच माझी बेरीज बरोबर येते, घरखर्चाची वही लिहून लिहून तशी खोडच लागलीय. तेव्हा मध्येच राग आला तर पत्र फाडू नकोस. पुरतं वाच, मग फाड.

तू सगळ्यांना सांगत असतेस की ताईने पहिल्याच दिवशी मला स्वतःची उशी दिली. मी दिली नव्हती ग. जून २०१७ मधली गोष्ट. माझ्या खाटेवर दोन उश्या होत्या, नर्सने त्यातली एक मला न विचारता उचलली आणि तुझ्या डोक्याखाली घातली. मी तिच्याकडे कसं बघितलं ते तुला दिसलं नाही, तुझी शीर शोधणं चाललं होतं. दुपारी तू डबा उघडलास, नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझा मंगळवार. मी पदर नाकाला लावला आणि माझी पाण्याची बाटली उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. तू ते पाहिलंस आणि म्हणालीस, ताय, बोंबील मेलाय, तो उडी मारून तुझ्या बाटलीत नाय जायचा. अख्खी खोली हसली. आमचे हे सुद्धा हसले. तेव्हा लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. माझ्या कुठल्या बोलण्यावर हे असे मोकळे हसले होते, ते मी सलाइन संपेपर्यंत आठवत राहिले. एकही आठवेना.

आपलं दुखणं एकच, अंडाशयाचं. ऑपरेशनंही महिन्याभराच्या अंतराने झालेली. रक्तातला तो सीए-एकशेपंचवीसचा आकडा तुझा तेराशे होता, माझा आठशे चाळीस. तुझा जास्त आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, पण आतून बरं वाटलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पस्तीसच्या खाली आला की सुटलात. त्यावर तू म्हणालीस, हे बरंय, शाळेत पस्तीसच्या वर पास आणि इथे पस्तीसच्या खाली. तेव्हापासून आपण त्याला परीक्षाच म्हणायला लागलो. परीक्षेचं निघालं तेव्हा कळलं की मी मॅट्रिक आणि तू आश्रमशाळेत राहून बारावी केलेली, वर अंगणवाडीची सेविका, स्वतःच्या सहीने मानधन उचलणारी. तेही मला रुतलं. मी वही लिहिते खरी, पण त्या वहीत जमेच्या बाजूला माझ्या स्वतःच्या कमाईची ओळ कधी आली नाही.

मग मी देवाला धरलं. आधी धरलं नव्हतं असं नाही, पण आता जास्त जोरात. मंगळवार होता, त्याला शुक्रवार जोडला. कांदा-लसूण सोडला. विवळवेढ्याला जाऊन महालक्ष्मीची ओटी भरली, रोज एकशे आठ वेळा नाव घेतलं, सुई लागलेली असतानासुद्धा पदराखाली माळ ओढत होते. तू शेजारच्या खाटेवर घोरत होतीस. ऑक्टोबरात आपण दोघी पास झालो, मी एकतीस आणि तू बावीस. तू स्टेशनवर मला उचलायचा प्रयत्न केलास, पोटाला टाके असताना, आणि हे ओरडले तुझ्यावर. मी हसले, पेढेही वाटले. पण खरं सांगू? त्या नऊ मार्कांनी मला त्या दिवशी जेवण गोड लागू दिलं नाही. एवढे उपास करून मी एकतीस आणि घोरणारी बावीस.

पुढच्या उन्हाळ्यात तुझे केस आले. काळे, दाट, आणि पूर्वी नव्हते असे कुरळे. तू त्यात अबोलीचा वळेसर माळून संजाणच्या फलाटावर उभी राहायचीस, आमची गाडी डहाणूहून यायच्या आधी अर्धा तास. माझे केस आले ते पांढरे, मक्याच्या कणसाला असतात तसे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असलं की आमचे हे आदल्या दिवशी वाडीत जाऊन तुझ्यासाठी चिकू काढायचे. नखाने खरवडून, आत हिरवं दिसत नाही ना ते बघून, एकेक. एवढ्या निगुतीने ते व्यापाऱ्याची पेटीही भरत नाहीत. गाडीत तुला खिडकी द्यायचे. मी एकदा म्हटलं, मलाही वारा लागतो. तर म्हणाले, अगं ती पाहुणी आहे. पाहुणी! वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी भेटणारी पाहुणी मी तरी पाहिली नव्हती. त्यांच्या मनात काही वावगं होतं असं मी चुकूनही म्हणत नाही. तू त्यांना काशीनाथभाऊ म्हणतेस आणि ते तुला धाकट्या बहिणीसारखं बघतात. पण मला तेवढंही सोसत नव्हतं. माझ्या आजाराने घरात जे हसू बंद झालं, ते तुझ्या आजाराने गाडीत सुरू झालं होतं.

ऑगस्टात मी नापास झाले. अठ्ठावन्न. तुझे चौदा. ऑक्टोबरात माझे एकशे सतरा, आणि फोटोत पोटात ठिपका. नोव्हेंबरपासून पुन्हा सहा सुया ठरल्या. तुला आता यायची गरज नव्हती, तुझी तपासणी जानेवारीत. तरी प्रत्येक सुईला तू रजा टाकून आलीस. मी ओकले की तू बादली धरायचीस, माझ्या तळपायांना तेल चोळायचीस. नर्स म्हणाली, तुमची बहीण नशिबाने मिळाली हो. मी हो म्हटलं. तू तेल चोळत असायचीस आणि मी तुझ्या खाली वाकलेल्या डोक्यावरच्या त्या कुरळ्या केसांकडे बघत असायचे. मनात यायचं, ही दाखवायला येते. मी वाचले बघ, हे दाखवायला येते. तुझ्या कुठल्याच बोलण्यात तसं काही नव्हतं. पण मत्सराला पुरावा लागत नाही, रूपी, तो घरचंच खातो.

आता जानेवारी. अठ्ठावीस तारीख, सोमवार. तीन सुया झालेल्या, दोघींचंही रक्त तपासलेलं. खिडकीतून आधी तुझा कागद आला. अकरा. तू मला दाखवलास, लहान पोर पाटी दाखवते तसा. मग माझा आला. एकशे नव्वद. औषध आत जात होतं आणि आकडा वर चढत होता. तू विचारलंस, ताय, तुझे किती? मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हटलं, एकोणीस. लग्न होऊन आल्यापासून या घराची वही मी लिहिते, आजवर एक शून्य मी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि तिथे उभ्या उभ्या एक शून्य गिळलं. हे शेजारीच होते. त्यांनी कागद पाहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग औषधाच्या खिडकीकडे वळले आणि सुटे पैसे मोजत बसले. तू माझ्या गळ्यात पडलीस. तुझ्या डोळ्यातलं पाणी माझ्या मानेवर लागलं आणि मला त्याचाही राग आला.

एवढंच असतं तरी मी गप्प राहिले असते. पण अजून एक आहे, ते न सांगता हे पत्र संपवलं तर ते अर्धं खोटंच राहील. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी तो भूकंपाचा मोठा धक्का बसला. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली, तुमच्याकडे भिंती फाटल्या. पहिली बातमी आली की तलासरीकडे घरं पडली, कुणी दगावलंही. हे तुला फोन लावत होते, लागत नव्हता. आणि मी देवघरासमोर बसून होते. हातात माळ होती. तेवढ्या पाच-दहा मिनिटांत माझ्या मनात जे आलं ते तुझ्याविषयी काळजीचं नव्हतं. मनात आलं, चला, आता फिटंफाट झाली. फोन लागला, तू हसत म्हणालीस की भाऊ, आम्ही सगळी अंगणात आहोत, म्हातारी तेवढी म्हशीला मिठी मारून बसलीय. हे खुर्चीत बसून रडले. मी उठून चहा टाकला. त्या दिवसापासून मी माळेला हात लावला की मणी पुढे सरकत नाही. औषधाने बोटं बधिर झालीत हे खरं, पण सगळं औषधामुळे नाही.

आता किमोचं. जानेवारीत डॉक्टरबाईंनी मला आणि ह्यांना आत बोलावून सांगितलं होतं की औषध चालू असताना आकडा वाढतोय, हे काही बरं लक्षण नाही. हवं तर इथे थांबून शरीराला विश्रांती देऊ, हवं तर उरलेल्या तीन घेऊन बघू. तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी म्हटलं, घेऊ. डॉक्टरबाईंना वाटलं, बाई हिंमतीची आहे. हिंमत कसली? थांबले असते तर तुला काय सांगितलं असतं? एकोणीसवाली बाई मधेच सुया थांबवते का? तुझ्यासमोर नापास व्हायला नको म्हणून मी त्या तीन सुया घेतल्या. पहिलीने तोंडात फोड आले, पंधरा दिवस भाताची पेज. दुसरीने बोटं गेली. आता चिकू खरवडला तर खरवडला की नाही ते बघावं लागतं, कळत नाही. दुर्वा निवडता येत नाहीत. तिसरीनंतर आमचा जतीन आणि सून रिया नातवाला घेऊन वसईहून आले, चार दिवस राहिले, आणि मी पोराला मांडीवर घेतलं नाही. पडेल अशी भीती वाटली. माझी ती तीन महिन्यांची ताकद कशात गेली म्हणून कुणी विचारलं, तर खर्ची घालायला मला तुझं नाव लिहावं लागेल. आणि त्यात तुझा काही दोष नाही.

परवा सोमवारी आकडा आला, चारशे बारा. तू निवडणुकीच्या कामाला अडकलीस म्हणून आली नव्हतीस, नाहीतर या वेळी कुठलं शून्य गिळलं असतं देव जाणे. डॉक्टरबाईंनी कागद वाचून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, हे औषध आता ऐकत नाही. दुसरं एक आहे, दर आठवड्याला यावं लागेल. दहा बायकांत एखादीला, फार तर दोघींना त्याने काही महिने मिळतात. नाहीतर सुया बंद करायच्या. पोटात पाणी झालं तर काढू, दुखेल त्याला औषध देऊ, घरी राहा, आवडेल ते खा. मी विचारलं, तुमची आई असती तर? त्या म्हणाल्या, बेन, ए तो तमारे विचारवानुं, उतावळ नथी, सोमवारे कहेजो. घाई नाही, तुम्हीच विचार करा, असं इतकं मऊ बोलल्या की मला कळायचं ते कळलं.

घरात म्हणशील तर जतीन म्हणतो मुंबईला नेऊ, तिथे अजून औषधं असतील. रिया रोज फोन करून काय जेवलात एवढंच विचारते, आणि मला तेच बरं वाटतं. आमचे हे म्हणतात, तू ठरव. बघ म्हणजे! पस्तीस वर्षांत खिडकीला रंग कुठला लावायचा ते मला ठरवू दिलं नाही. मी निळा म्हटलं, त्यांनी हिरवा लावला. आणि आता म्हणे तू ठरव. मी चिडून म्हटलं, रूपीला विचारा ना, तिचं बरं ऐकता. ते चपला घालून वाडीत निघून गेले. असं माझं चाललंय. मरायला टेकलेल्या बाईने शांत व्हावं, कुणाचं काही मनात ठेवू नये, असं सगळ्या पोथ्यांत लिहिलंय. मी वाचलेल्या सगळ्या पोथ्यांत. मला जमत नाही.

आणि काल तुझा फोन आला. मी तुला सांगणार होते, खरंच सांगणार होते, पण तूच सुरू झालीस. तू म्हणालीस, ताय, आता सांगते, आधी सांगितलं असतं तर नवस बाटला असता. नोव्हेंबरात तुझी सुई परत सुरू झाली तेव्हा मी महालक्ष्मीआईला बोलले होते, ताईचा आकडा पस्तीसच्या आत आण, पाड्यापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी चालत येईन आणि बोकड देईन. आईने जानेवारीतच ऐकलं. आता पुनवेला फेडणार. आकडा एकोणीसचा आणि पुनवही एकोणीस तारखेची, आईनेच जुळवलंय बघ. बोकडाला आता तीन महिने चारतेय, तो माझ्या मागे मागे अंगणवाडीत येऊन पोरांच्या खिचडीत तोंड घालतो. पाड्यातली बारा घरं जेवणार. तू नाय खायचीस माहीत आहे, तुझ्यासाठी नारळ फोडीन. मी विचारलं, आणि तुझ्या स्वतःच्या आकड्यासाठी काय बोलली होतीस? तू म्हणालीस, माझ्यासाठी काय बोलायचं, एका फेरीत दोघींचं मागितलं तर आईला वाटेल बाई हावरट आहे. आणि हसलीस. मी फोन ठेवला. मागची दोन वर्षं मी देवीला फक्त माझ्यासाठी मागत होते, आणि ओटी भरताना एकदा, एकदाच, हेही विचारलं होतं की तिला का आणि मला का नाही. काल मला कळलं की तू त्याच पायरीवर माझं नाव घेऊन गेली होतीस. सांगू तुला, कळल्यावर माझं मन भरून वगैरे आलं नाही. आधी मला मत्सरच वाटला. हेही तुलाच जमावं!

म्हणून लिहितेय, रूपी. एकोणीस तारखेला तू चालू नकोस. जे झालंच नाही त्याचा नवस फेडायचा नसतो. माल आलाच नाही आणि आपण पोचपावतीवर सही करून द्यायची, तसं होईल ते, आणि तीही देवीच्या दारात, तुझ्या शिवलेल्या पोटाने, उन्हात, अनवाणी. दोन-चार महिन्यांनी मी गेले की पाड्यातली माणसं तुलाच विचारतील, आईने ऐकलं होतं ना ग, मग? तेव्हा तू आईला खोटं पाडू शकणार नाहीस आणि मलाही नाही, स्वतःलाच खोटं पाडशील. तुला मी ओळखते. बाराही घरांना सांग की ताईने खोटं सांगितलं होतं; माझं नाव घेऊन सांग, लाजू नकोस, खोटं माझं आहे. बोकड जगू दे, खिचडी खाऊ दे. आणि दुसरं, सोमवारी मी डॉक्टरबाईंना नाही म्हणून सांगणार आहे. काल रात्री ठरवलं. पुढची सुई का घ्यायची याची कारणं एकेक काढून बघितली, जतीनचं, ह्यांचं, माझं; पण तुझ्या मागे पडायला नको, हे एक कारण बाजूला काढून ठेवलं तर बाकीच्यांत आठवड्याला एकदा वापीला नेण्याइतका जोर उरला नाही. हे मी अजून घरात कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. तुला पहिलं कळवतेय. तुझे अकरा अकराच राहू देत असं म्हणायला अजून माझी जीभ उचलत नाही, खोटं कशाला लिहू. पण ते वाढू देत असंही कालपासून मनात आलेलं नाही. एवढंच आज माझ्याजवळ आहे, ते पाठवलं. वाचून फोन करू नकोस. तू रडशील, मग मलाच तुझी समजूत काढावी लागेल, आणि तेवढा दम माझ्या छातीत राहिलेला नाही. रागाच्या असल्या तरी चार ओळी लाहूच्या हाती दे. आणि राग नसला, तर कागद-बिगद राहू दे, रविवारी सरळ इथे ये आणि रात्रीची राहा. ह्यांना सांगताना मला कुणीतरी बाजूला बसलेलं हवंय, आणि ते कोण, म्हणून विचार केला तर तुझ्याशिवाय दुसरं नाव येत नाही.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
कुंदा